गवतावर जिंकलो, मातीत हरलो : डेव्हिस कप 1987

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की टेनिसमध्ये कोर्ट बदललं तर असा काय फरक पडतो? चेंडू तोच, रॅकेट तीच. तर आज एक जुनी गोष्ट सांगतो.

1987 साल. डेव्हिस कपच्या उपांत्य फेरीत भारत सिडनीत उतरला. समोर ऑस्ट्रेलिया, आदल्या वर्षीचा विजेता. कोर्ट गवताचं. आता गवतावर चेंडू टप्पा पडला की घसरतो, खालीच राहतो. मोठमोठे फटके मारणाऱ्याला वाकून वाकून खेळावं लागतं. आपल्या रमेश कृष्णनची सर्व्हिस काही तोफ नव्हती, पण हात असा मऊ की चेंडू हवा तिथे अलगद ठेवायचा. विजय अमृतराज सर्व्हिस करून थेट नेटवर. दोघांनाही गवत मानवायचं. 2-2 अशी बरोबरी झाली आणि शेवटच्या सामन्यात रमेशने वॉली मझूरला हरवलं. भारत फायनलमध्ये!

पण फायनल होती स्वीडनमध्ये, आणि डेव्हिस कपचा नियम असा की कोर्ट कसलं हे यजमान ठरवणार. तुम्ही स्वीडन असता तर काय केलं असतं? बरोबर. डिसेंबरात, गोथेनबर्गमध्ये, एरवी आइस हॉकी चालते त्या बंदिस्त स्टेडियममध्ये त्यांनी चक्क लाल माती अंथरली.

ही ‘माती’ म्हणजे मुळात विटांचा चुरा. पॅरिसला फ्रेंच ओपनमध्येही तेच. वरचा लाल थर जेमतेम दोन मिलिमीटरचा, खाली चुनखडी. मी लहानपणी मुरमाच्या कोर्टवर खेळलोय, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, आणि घरी गेल्यावर मोज्यांवरून आईची बोलणी खायची. तिथे कळलं होतं की माती चेंडूला धरते. त्याचा वेग मरतो, तो उंच उसळतो. गवतावर जो फटका सरळ पॉइंट मिळवून देतो, तो इथे समोरचा आरामात परत करतो. मग वीस-वीस फटक्यांच्या रॅली. नेटवर धावत गेलात, तर त्याला तुम्हाला चुकवायला भरपूर वेळ.

आणि समोर कोण? मॅट्स विलँडर, तोवर दोनदा फ्रेंच ओपन जिंकलेला. त्याने रमेशला हरवलं, यारिडने विजयला. विजय तेव्हा नुकताच 34 वर्षांचा झाला होता. दुहेरीही गेली. निकाल 5-0.

काही जण म्हणतात स्वीडनने डाव साधला. मला तसं वाटत नाही. आपणही अर्जेंटिनाला दिल्लीत बोलावून गवतावरच खेळवलं होतं की! त्याच वर्षी, पहिल्या फेरीत. मातीवर वाढलेली ती पोरं तिथे 3-2 ने हरली, म्हणून तर आपण सिडनीपर्यंत पोचलो.

त्यानंतर भारत डेव्हिस कपच्या फायनलमध्ये गेलेला नाही. 2019 पासून शेवटचा टप्पा एकाच ठिकाणी भरतो. पहिल्या वर्षी माद्रिदला, सगळ्यांसाठी सारखंच हार्ड कोर्ट.