रक्तदाबाचीं औषधें आणि जठराचा व्रण

काळजी पोट पोखरते, हें घरोघरचें शहाणपण होय. त्यास प्रयोगशाळेची साक्ष मिळाली ती मात्र १९३६ सालीं. कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें हान्स सेल्ये ह्या संशोधकानें उंदरांना थंडी, जखमा, अतिश्रम, विषारी द्रव्यें अशा नाना प्रकारें पीडा दिली. पीडा निराळ्या, परंतु परिणाम एकच: मूत्रपिंडांवरील ग्रंथि फुगल्या, छातींतील थायमस ग्रंथि आकसली आणि जठरांत व्रण उमटले.

मांस पचविणारें आम्ल एरव्हीं जठरासच कां पचवीत नाहीं? अस्तरावरील बुळबुळीत थर आणि त्याखालून अखंड वाहणारें रक्त हीं जठराचीं कवचें होत. संकटकाळीं शरीर रक्त अन्यत्र वळवितें. जठराच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात व कवच दुबळें होतें. ह्या आवळण्यांत अँजिओटेन्सिन नांवाच्या द्रव्याचा हात असतो, आणि रक्तदाब वाढविणारें द्रव्यही तेंच.

मग रक्तदाब उतरविणारें औषध जठराचेंही रक्षण करील काय? उत्तर इतकें सरळ नाहीं. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश हृद्रोग-पत्रिकेंत मांडला व ह्या वनस्पतीकडे पाश्चात्य वैद्यांचें लक्ष वेधलें. १९५२ सालीं तिच्यांतून रेसर्पिन वेगळें काढण्यांत आलें. परंतु रेसर्पिनानें जठरांतील आम्ल वाढतें. म्हणून व्रण असलेल्या रोग्यास तें वर्ज्य ठरलें.

उलट, २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील प्रयोगांत, जात्याच रक्तदाब अधिक असलेल्या उंदरांना आधीं कॅंडेसार्टन देऊन मग थंडींत जखडून ठेवण्यांत आलें. हें औषध अँजिओटेन्सिनची वाट अडवितें. त्या उंदरांच्या जठराचा रक्तप्रवाह टिकला, दाह कमी झाला आणि व्रण टळले.

दोन्ही औषधें रक्तदाब उतरविणारीं. एक व्रणास पोषक, दुसरें वारक. तेव्हां रक्षण रक्तदाब उतरण्यांत नसून जठराचें रक्त राखण्यांत आहे. दाब फाजील उतरला तर तेंच रक्त तुटेल. शिवाय उंदरांचा पुरावा म्हणजे माणसांचा नव्हे. माणसाच्या नेहमींच्या व्रणाचें मूळ बहुधा हेलिकोबॅक्टर जंतूंत किंवा वेदनाशामक गोळ्यांत असतें. ताणाचा खरा व्रण मुख्यतः भाजणें, गंभीर आघात अशा प्राणसंकटांत दिसतो. तेथें आजही आम्ल रोखणाऱ्या औषधांवरच भिस्त आहे. म्हणून रक्तदाबाची गोळी रक्तदाबासाठींच घ्यावी; पोट दुखलें तर वैद्यास दाखवावें.