आड, विहीर आणि नळ



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज दोन ठिकाणचे पाणी येते. परसातला आड किंवा मळ्यातली विहीर वाडवडिलांची, आणि दारातला नळ सरकारचा. घरातली म्हातारी माणसे म्हणतात, विहिरीच्या पाण्याला गोडी आहे, नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. सूनबाई म्हणते, नळाचे पाणी शुद्ध करून येते, लेकरांना तेच द्यावे. कोणाचे ऐकावे? याचा निवाडा जिभेवर सोपवू नये. मागच्या पिढ्यांनी काय भोगले ते आधी पाहावे.

जिभेने घात केल्याची एक गोष्ट सांगतो. 1854 साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. तिथे ब्रॉड स्ट्रीटवर विहिरीवर बसवलेला एक हातपंप होता आणि त्याच्या पाण्याचा लौकिक मोठा होता. त्या वस्तीतून दूर राहायला गेलेली एक विधवा बाई केवळ चवीसाठी तेच पाणी गाडीवरून मागवून घेई. ती पटकीने गेली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर फिरून चौकशी केली, दोष पंपाच्या पाण्यात आहे असे दाखवले आणि पंपाचा दांडा काढायला लावला. पुढे खणून पाहिले, तेव्हा विहिरीपासून दोन हातांवर एका घराचा मैलाखड्डा झिरपताना आढळला. पाणी गोड होते, थंड होते, आणि त्यातच मरण होते.

गारव्यावरही भुलू नये. जमिनीखालचे पाणी बारा महिने जवळजवळ सारखेच असते, म्हणून ते उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट लागते. शुद्धतेशी त्याचा संबंध नाही. आपल्या पंढरीच्या वाटेनेही पटकीने फार माणसे नेली आहेत. वारीला निघताना पटकीची सुई टोचून घ्यावी लागे, हे जुन्या वारकऱ्यांना आठवत असेल.

दुसरा धडा नारूचा. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत, माणूस पाण्यात उतरून घागर भरे. नारू झालेला पाय पाण्यात बुडाला की त्या जखमेतून किड्याची पिले पाण्यात जात, पाण्यातल्या बारीक जीवाच्या पोटात शिरत आणि पिणाऱ्याच्या अंगात जात. वर्षभराने हातभर लांबीचा किडा कातडी फोडून बाहेर येई. उपाय साधेच निघाले: पाण्यात पाय घालायचा नाही, पाणी फडक्याने गाळून घ्यायचे, बारवेऐवजी कठड्याच्या विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी प्यायचे. देशातला शेवटचा रोगी 1996 साली सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त ठरला. पाणी गाळून प्यावे हे सांगणाऱ्या आपल्या आज्या वेड्या नव्हत्या.

शहराचे पाणी ही तशी नवी गोष्ट नाही. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळातून पुण्याच्या हौदांत येत असे. मुंबईला 1860 साली विहार तलावाचे पाणी आले. पुढे घरोघरच्या विहिरींत हिवतापाचे डास वाढतात असे दिसल्यावर तिथल्या अनेक विहिरी बुजवण्यात आल्या. धर्मकृत्याला विहिरीचेच पाणी लागते म्हणून लोकांनी हरकत घेतली, तेव्हा काही विहिरी झाकण घालून राखल्या गेल्या. श्रद्धाही राहिली आणि डासही अडला. हा मध्यममार्ग आपण ध्यानात ठेवावा.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच मोठी. खाजगी पाणी म्हटले की त्याला मालक आला, आणि मालक आला की 'तू पाणी भर, तू भरू नकोस' हेही आले. नाथांनी काशीची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी ओतली, ही कथा आपण पिढ्यानपिढ्या ऐकली, डोळे पुसले, आणि घरी जाऊन माणसाला आडावरून हाकलले. 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव 1923 साली मुंबई कायदेमंडळात झाला, तरी चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन जावे लागले. नळ प्रत्येक दारी सारखाच वाहावा, यात नाथांच्या कावडीचाच धर्म आहे. तो वास मारतो म्हणून त्याला हिणवण्याआधी एवढे आठवावे.

शिवाय आपली विहीर खरोखर आपली असते का? 1882 च्या कायद्याने जमिनीच्या धन्याला खालचे पाणी उपसण्याचा हक्क दिला. पण पाणी काही बांध ओळखत नाही. एकाने बोअर खोल नेले की शेजारच्याचा आड आटतो. म्हणूनच महाराष्ट्राला 1993 साली कायदा करून गावच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत नव्या विहिरीला बंधन घालावे लागले.

मग प्यावे काय? माउली, खेड्यातला नळ हा पुष्कळदा गावच्या विहिरीचाच लांबलेला पोहरा असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? फरक राखणीचा आहे. टाकीत टीसीएल पावडर रोज नेमाने पडत असेल, नळाशी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरत असेल, तर लेकरांना नळाचेच पाणी द्यावे. तो वास राखणदाराचा आहे. मात्र गटारातून गेलेला नळ फुटका असेल, तर पाणी बंद झाल्यावर तोच नळ घाण आत ओढतो. तेव्हा पाणी उकळून प्यावे आणि ग्रामपंचायतीला जाब विचारावा.

विहिरीचे प्यायचे तर राखण आपल्यावर आली. कठडा हवा, झाकण हवे, संडासाचा खड्डा निदान 50 फूट दूर हवा. पावसाळ्याआधी आणि नंतर प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावे. खताचे नायट्रेट आणि खोल बोअरमधले फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही, आणि उकळूनही जात नाही.

आणि एक हात जोडून मागणे. नळ आला म्हणून आडात कचरा टाकू नका. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना विहिरीचे मोल सांगावे लागत नाही. तिचा गाळ काढा, पावसाचे पाणी तिच्या आसपास मुरू द्या, आणि कोणी तहानेला दारी आला तर जात न विचारता तांब्या पुढे करा. पाणी नळाचे की विहिरीचे, हे त्याने विचारले तर सांगा: तपासलेले आहे, घ्या.