पोरं आहेत, चिडवायचीच

1856 च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार पोराला प्रवेश नाकारला. त्यानं अर्ज केला. मुंबई सरकारनं उत्तरात मान्य केलं, न्याय पोराच्या बाजूनं आहे. पण त्या एकट्याला घेतलं तर बाकीच्यांना शाळा निरुपयोगी होईल. झालं! छळणाऱ्यांची गैरसोय मोजली, छळलेल्याचा नुसता न्याय मान्य केला. मोठ्या माणसांची ही नजर जुनी आहे.

पोराची नजर वेगळी. ती बारकावे टिपते. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता मांग जातीची. तिनं 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. शाळकरी पोरगी, पण पेशवाईत माणसांचं काय काय केलं ते एकेक करून सांगते. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेची आठवण लिहिली, तीही तशीच. बसायला गोणपाट घरून न्यायचं. संध्याकाळी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा त्याला शिवत नसे. नळ शिपायानं उघडायचा. शिपाई नाही तर पाणी नाही. ह्यात मारहाण कुठंच नाही. म्हणून तर मोठ्यांना छळ दिसत नाही!

आमच्या शाळेत गोणपाट नव्हतं, बाक होते. पण स्कॉलरशिपच्या दिवशी गुरुजी म्हणायचे, "मागासवर्गीय उभे ऱ्हावा." आम्ही उभं राहायचो. मधल्या सुट्टीत पोरं 'सरकारचे जावई' म्हणून ओरडायची. बा शाळेत जाऊन बोलला, तर उत्तर आलं, "पोरं आहेत, चिडवायचीच. तुमच्यानं घट्ट व्हायला पायजे." आमच्या लेखी ती चिडवाचिडवी नव्हती. पोरांना आमची नावं त्या यादीतनं कळली होती, आणि यादी वाचली होती गुरुजींनी.

नॉर्वेत डॅन ओल्वेउस ह्या मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकापासून शाळेतला छळ अभ्यासला. विचारलं कुणाला? पोरांनाच, नाव न लिहिता प्रश्नावली भरून घेऊन. त्यांची व्याख्या अशी : पुन्हापुन्हा केलेला त्रास, आणि दोघांची ताकद असमान. अंगातली ताकद असो की टोळीची, आपल्याकडे आणखी एक आहे. मला चिडवणारा एक पोरगा काडीसारखा होता. मी त्याला एका हातानं उचलला असता. त्याच्यामागं सगळं गाव होतं, आणि त्याच गावाच्या विहिरीवर माझी आय घागर लांब ठेवून कुणीतरी पाणी वाढंल म्हणून उभी असायची.