कानाची साक्ष

तीन वर्षांपूर्वी मी एक महागडा 'डॅक' विकत घेतला. डॅक म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर: साठवलेल्या आकड्यांचे पुन्हा विद्युतलहरीत, म्हणजे पर्यायाने आवाजात, रूपांतर करणारे यंत्र. पहिल्याच रात्री मल्लिकार्जुन मन्सूर लावले, आणि तानपुऱ्याची जवारी इतकी स्वच्छ आपण आजवर ऐकलीच नव्हती, अशी माझी खात्री झाली. महिन्याभराने भाच्याने नवा आणि जुना स्वस्तातला डॅक पडद्याआड ठेवले, मीटर लावून दोन्हींची पातळी तंतोतंत जुळवली आणि वीस वेळा ओळखायला लावले. मी अकरा वेळा बरोबर निघालो. नाणे उडवले असते तरी साधारण तेवढेच आले असते. तेव्हापासून कानाच्या साक्षीचा इतिहास धुंडाळायचा नाद लागला.

ही गोष्ट एडिसनपासून सुरू होते. 1915 पासून त्याच्या कंपनीने अमेरिकेत 'टोन टेस्ट' नावाचे जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे मालवले जात. दिवे लागले की कळे, गायिका केव्हाच निघून गेलेली, गात होते ते यंत्र. श्रोते थक्क होत. या प्रयोगांतली गाजलेली गायिका ॲना केस. आपण तेव्हा आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत होतो, असे तिने पुढे उतारवयात सांगितले. आज त्या तबकड्या ऐकल्या तर कोणीही फसणार नाही. पण फसलेले श्रोते बहिरे नव्हते. काय ऐकायचे, हे त्यांना आधीच सांगितलेले होते.

डिजिटल युगाच्या आरंभी डॅकमधला फरक मात्र खरा होता. ऑक्टोबर 1982 मध्ये जपानमध्ये सोनीचा सीडीपी-101 बाजारात आला. सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने असतात आणि प्रत्येक नमुना 16 बिटांचा, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एक. सोनीने 16 बिटांचा एकच डॅक डाव्या-उजव्या वाहिन्यांना आळीपाळीने वापरला. फिलिप्सकडे 14 बिटांचा डॅक होता. त्यांनी नमुन्यांचा वेग चौपट करून ती उणीव भरून काढली, आणि त्यामुळे पुढची गाळणीही सौम्य ठेवता आली. त्या काळी चांगला डॅक बनवणे अवघड आणि खर्चिक होते. 'महाग ते चांगले' हा समज तिथे रुजला असावा. पुढे चिप स्वस्त झाल्या. आज ॲपलच्या 9 डॉलरच्या हेडफोन-जोडणीतल्या डॅकचे दोषही मोजमापात कानाच्या मर्यादेच्या आसपास किंवा खाली भरतात. समज मात्र टिकून राहिला.

2007 मध्ये मेयर आणि मोरन या दोघांनी बॉस्टन परिसरात केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण एकदा थेट, तर एकदा मध्ये सीडीच्या मापाचा अडथळा घालून ऐकवायचे. 554 प्रयत्नांपैकी 276 बरोबर, म्हणजे जवळपास निम्मे. दुसरी बाजूही सांगायला हवी. 2016 मध्ये लंडनच्या जोशुआ राइस यांनी अशा अनेक प्रयोगांची एकत्रित छाननी केली. त्यांना किंचित, पण योगायोगापलीकडचा फरक आढळला, आणि प्रशिक्षित श्रोत्यांत तो अधिक होता. तेव्हा 'फरक नसतोच' असे मी म्हणणार नाही. मात्र हे प्रयोग मुद्रणाच्या दर्जाविषयी होते. डॅकच्या किमतीशी त्यांचा संबंध नव्हता.

2022 ची घटना तर अधिक बोलकी आहे. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या एलपी अस्सल ॲनालॉग म्हणून नावाजल्या जात. त्यातल्या अनेक तबकड्या घडवताना मधली एक पायरी डिजिटल होती, हे त्या वर्षी उघड झाले. प्रकरण न्यायालयात गेले. डिजिटल आवाज ऐकवत नाही म्हणणाऱ्या कित्येक दर्दी कानांनी त्याच तबकड्यांची वर्षानुवर्षे वाखाणणी केली होती.

यात हसण्यासारखे काही नाही. पातळी किंचित जास्त असली तरी आवाज 'भरदार' वाटतो, आणि खर्च केलेला पैसाही कानात बोलतो. माझ्याही कानात बोललाच. फरक ऐकायचा असेल तर तो स्पीकरमध्ये, खोलीत आणि सर्वांत जास्त मूळ मुद्रणात सापडतो.

वडिलांनी घरगुती मैफलींत मुद्रित केलेल्या नऊ स्पूल टेप आमच्या माळ्यावर होत्या. डॅकच्या पैशांत त्या सगळ्यांचे नीट डिजिटायझेशन झाले असते. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून मी ते लांबणीवर टाकले. गेल्या पावसाळ्यानंतर डबा उघडला, तेव्हा दोन टेपांवरचा तपकिरी थर सुटून बोटांना लागला. उरलेल्या सात आता उतरवून झाल्या आहेत. त्या मी जुन्या, स्वस्तातल्या डॅकवरच ऐकतो.