'लॉयल्टी' : एका जहाजाची नावे

दर वर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो आणि 'लॉयल्टी' जहाजाचे स्मरण केले जाते. १९१९ साली याच तारखेस सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. स्वदेशी जहाजवाहतुकीच्या प्रारंभी उभ्या असलेल्या या जहाजाचे नाव 'निष्ठा', तीही राजनिष्ठा, का असावे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. झरी जामणीसारख्या, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या कापसाच्या मुलखात मराठी शिकवणाऱ्या आम्हांला जहाजांपेक्षा शब्दांचे कुतूहल अधिक. म्हणून आम्ही ही कथा नावाच्या टोकाकडून धरली.

जहाजाचे मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. ही सम्राज्ञी अर्थातच व्हिक्टोरिया. इंग्लंडातील बॅरो येथे बांधलेले हे जहाज ऑगस्ट १८९० मध्ये पाण्यात उतरले. वजन सुमारे ५,९०० टन, लांबी साडेचारशे फुटांहून थोडी अधिक, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, रंग पांढराशुभ्र. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या मालकीचे हे जहाज हाँगकाँग, जपान आणि व्हँकुव्हर यांच्या दरम्यान टपाल, प्रवासी व माल नेई. जुलै १८९३ मध्ये योकोहामाहून व्हँकुव्हरला जाताना स्वामी विवेकानंद याच जहाजावर होते. जमशेटजी टाटा त्यांचे सहप्रवासी होते, हे टाटांनीच पुढे १८९८ च्या पत्रात लिहिले आहे.

या प्रसन्न चित्रामागे एक करार होता. टपालासाठी मिळणाऱ्या सरकारी अनुदानाला जोडूनच अशी अट होती की, युद्धप्रसंगी जहाज नौदलाच्या हाती द्यावे आणि त्यावर तोफा बसवता येतील अशी सोय बांधणीतच ठेवावी. प्रवासी डेकवर फिरत, त्या डेकखालचा सांगाडा युद्धाच्या हिशेबाने आखलेला होता. व्यापारी जहाज आणि युद्धनौका यांत आपण मानतो तेवढे अंतर साम्राज्याच्या दप्तरात कधीच नव्हते.

प्रत्यक्ष युद्ध आले ते १९१४ मध्ये. 'एम्प्रेस ऑफ चायना' हे भावंड १९११ सालीच जपानजवळ खडकावर चढून गेले होते. उरलेल्या 'एम्प्रेस ऑफ जपान'वर तोफा चढल्या. 'एशिया' आणि 'रशिया' या नव्या, वेगवान 'एम्प्रेस'ही क्रूझर झाल्या. ज्या कामासाठी आखले ते काम 'इंडिया'च्या वाट्याला आलेच नाही. डिसेंबर १९१४ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी जहाज विकत घेतले, हिंदी सैनिकांसाठी त्याचे रुग्णालय केले आणि त्याला 'लॉयल्टी' हे नाव मिळाले. तोफांच्या जहाजावर खाटा आल्या. त्या खाटांवरचे सैनिक कोणाच्या युद्धात जखमी झाले होते, हे त्या नावातच सांगितलेले आहे.

युद्ध संपले. बुडालेल्या जहाजांमुळे जगभर जहाजांची टंचाई होती, म्हणून सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना हे जुने जहाजही संधी वाटले. नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह त्यांनी मार्च १९१९ मध्ये कंपनी काढली आणि ज्यांच्याकडून जहाज घेतले त्यांचेच नाव तिला दिले. कण्हेरखेडचे शिंदे इंग्रजी स्पेलिंगमधून जाऊन 'सिंदिया' झाले आणि तसेच मराठीत परत आले! जहाजाचे नाव मात्र बदलले नाही. त्यात काही धोरण होते असे आम्हांला वाटत नाही; घाई होती, आणि ब्रिटिश कंपन्यांच्या समुद्रात शिरताना असे नाव अडचणीचे नव्हते.

१९२३ मध्ये 'लॉयल्टी' मुंबईत मोडीत निघाली. त्याच वर्षी लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीशी झालेल्या कराराने सिंदियाला दहा वर्षांसाठी ७५,००० टनांची मर्यादा घातली. वालचंदांचे चरित्र लिहिणारे गं. दे. खानोलकर म्हणजे 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक'चेच कर्ते. आमचे विद्यार्थी त्यांना केवळ त्या ग्रंथमालेमुळे ओळखतात, याची आम्हांला खंत आहे.

सिंदियाच्या पुढच्या जहाजांची नावे 'जल' शब्दाने सुरू होऊ लागली. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणम येथे पंडित नेहरूंच्या हस्ते कंपनीच्या गोदीतले पहिले जहाज पाण्यात उतरले. व्याकरणाच्या तासाला ज्याची संधी 'जलोषा' झाली असती, ते नाव कंपनीने संधी न करता ठेवले : 'जलउषा'.