मडक्यातला नाग: ठेवायचा की सोडायचा?

आजचा एपिसोड माझ्या एका गुन्ह्यापासून सुरू करतो.

बीटेकच्या सेकंड इयरला होस्टेलमागच्या नाल्यात मी एक पाणदिवड पकडली. बिनविषारी, पण चावरी. वीस लिटरचा पाण्याचा कॅन कापून त्यात ठेवली. रूमवर रोज पोरांची गर्दी, फोटो, व्हिडिओ. एकाने वाटीत दूध आणून ठेवलं. साप दूध पीत नाही हे मला माहीत होतं, तरी मी काढलं नाही, कारण फोटो मस्त येत होता. पाचव्या दिवशी सकाळी ती मेलेली होती.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. सापडलेला साप ठेवायचा की सोडायचा? आपल्याकडे याला मोठा इतिहास आहे, आणि तो गुगलवर दोन ओळींत मिळतो तेवढा सरळ नाहीये.

सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा घ्या. आख्यायिका अशी की गोरखनाथ महाजनांच्या दारी भिक्षेला आले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, जिवंत नागाची पूजा करशील का? तिथून प्रथा पडली म्हणतात. नागपंचमीच्या आधी काही आठवडे गावातली पोरं टोळ्या करून शिवारं पालथी घालायची. बिळापाशी माग बघायचा, जपून खणायचं, नाग धरायचा आणि मडक्यात घालून वर फडकं बांधायचं. पंचमीला अंबाबाईचं दर्शन, मग मिरवणूक. कुणाचा नाग फणा किती उंच काढतो याच्या स्पर्धा. आणि नंतर जिथून आणला तिथे परत सोडायचा.

हा शेवटचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. शिराळ्याची माणसं नाग मारत नव्हती, विकत नव्हती. 'आम्ही पाहुण्यासारखं सांभाळतो' असं त्यांचं म्हणणं, आणि ते मनापासूनचं आहे. पण नागाच्या बाजूने बघा ना. बरेच दिवस अंधाऱ्या मडक्यात, मग एकदम माणसांचा समुद्र. ढोल त्याला आपल्यासारखा ऐकू येत नाही, पण जमिनीची थरथर कळते. फणा काढणं म्हणजे नाचणं नाही, ती भीती आहे. आपण तिलाच बक्षीस देत होतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय नाग पकडणं गुन्हा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ मध्ये जिवंत नागांच्या मिरवणुकीवर बंदी आली. गावाला ते फार लागलं. पुढे २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २१ नाग पकडायला परवानगी दिली, पण फक्त पारंपरिक ज्ञान आणि शिक्षणासाठी. स्पर्धा, करमणूक नाही. मला विचाराल तर परवानगीपेक्षा मला त्या ज्ञानाची काळजी जास्त वाटते. बिळाचा माग वाचणारा माणूस एकदा गेला की ते कुठल्या ॲपमध्ये सापडणार नाही.

असंच ज्ञान असलेली दुसरी माणसं म्हणजे तमिळनाडूतले इरुळा. हे पिढ्यानपिढ्या साप पकडणारे, आणि कातड्याच्या व्यापारावर त्यांचं पोट चालायचं. तिथे 'सोडायचा' हा पर्यायच नव्हता. १९७६ मध्ये कातड्यांची निर्यात बंद झाली आणि माणसं बेकार. मग १९७८ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं पकडायचं, साधारण तीन-चार आठवडे ठेवायचं, तेवढ्यात काही वेळा विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि जंगलात सोडून द्यायचं. खूण अशासाठी की तोच साप लगेच परत धरला जाऊ नये. त्या विषापासून सर्पदंशावरचं औषध बनतं. २०२३ मध्ये मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोन इरुळांना पद्मश्री मिळाली.

गंमत बघा, इरुळाही साप मडक्यातच ठेवतात. वर फडकं बांधून. मडकं तेच, फक्त बाहेर काढायची तारीख आणि कारण आधी ठरलेलं. माझ्या कॅनला ना तारीख होती, ना कारण.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाग निघाला. सर्पमित्र दादा आले, पाच मिनिटांत बरणीत घेतला. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सूर, "लांब नेऊन सोडा, पार घाटात!" दादा म्हणाले, "लांब सोडला तर तो बिळ, पाणी, भक्ष्य शोधत नुसता भटकत मरेल. इथेच मागच्या ओढ्याला सोडतो. वनखात्याला नोंद देतोय." काका लोक भडकले. एकांनी विचारलं, "आणि परत आला तर?"

"तर मला फोन करा," दादा म्हणाले, "आणि कचऱ्याच्या खोलीतले उंदीर आधी कमी करा."

मी बरणी धरून त्यांच्या मागे ओढ्यापर्यंत गेलो. झाकण त्यांनी उघडलं. मी फोन खिशातच ठेवला.