खिशातला चाकू : साधा की खटक्याचा?

मंडळी, बाजारात खिशातला चाकू घ्यायला गेलात, तर दुकानदार तुमच्यापुढे साधारण दोन तऱ्हा मांडील. एक साधा, मिटवायचा चाकू. त्याचे पाते उघडले की मुठीतली पोलादी कमान त्याला दाबून धरते, आणि पात्याच्या पाठीवर जोर दिला की ते पुन्हा मुठीत जाऊन बसते. दुसरा खटक्याचा. त्याचे पाते उघडले की खट्‌कन अडकते आणि खटका सोडवल्याशिवाय काही केल्या मिटत नाही. दोन्ही हातात घेऊन पाहिले, की मन दुसऱ्याकडे ओढ घेते. तो भक्कम वाटतो, शिवाय थोडा ऐटबाजही. मग घ्यावा कोणता?

प्रश्न वरवर किरकोळ आहे. पण त्यात आपली बोटे गुंतलेली आहेत, आणि थोडीशी अब्रूही. म्हणून निवड करण्यापूर्वी या दोन्ही चाकूंना त्यांचे कूळ विचारलेले बरे.

पेणहून रोह्याकडे गाडीने निघालात, तर नागोठणे मागे पडल्यावर आणि रोहे येण्यापूर्वी निडी हे लहानसे स्थानक लागते. अशा गावात हत्याराची वाण कधीच नव्हती. रानात जाणाऱ्याच्या कमरेला आकडी आणि आकडीत कोयता, ही आपल्या कोकणातली जुनी रीत. लाकूड तोडा, कवळ काढा, नारळ सोला, कोयता सगळ्याला पुरतो. मग खिशात चाकू कशाला? तर कोयत्याने पेन्सिलीला टोक काढता येत नाही, आंब्याची फोड नीट होत नाही, आणि कोयता कमरेला लावून कोणी शाळेत वर्गावर जात नाही, की एस.टी.त शेजाऱ्याला खेटून बसत नाही. जिथे कोयता चालत नाही आणि जिथे कोयता शोभत नाही, त्या दोन जागा भरून काढायला मिटवायचा चाकू आला. पाते मिटते ते खिसा फाटू नये म्हणून, आणि शेजारच्या माणसाच्या मनात धास्ती राहू नये म्हणूनही.

अशा चाकूचे आपल्याकडचे जुने नाव ऐका : कलमतराश. कलम म्हणजे लेखणी, तराश म्हणजे तासणारा. शब्द फारसी वळणाचा. दप्तरांबरोबर तो मराठीत आला. मोडी लिहिणारा कारकून बोरूने लिही. बोरू झिजला की त्याचे तोंड पुन्हा तासायचे, मधोमध चीर द्यायची, टोक तिरके छाटायचे. अक्षराचे वळण त्या छाटावर अवलंबून. म्हणजे पेशव्यांच्या दप्तरातले जे सुरेख मोडी अक्षर आपण आज पाहतो, त्याच्या पाठीमागे दौतीबरोबर एक धारदार लहान पातेही उभे आहे. तिकडे इंग्लंडात हीच गोष्ट. तिथे पिसाची लेखणी तासायला जो चाकू लागे, त्यालाच ‘पेन-नाइफ’ म्हणत. पुढे बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत १८२० ते १८४० या काळात पोलादी निबा यंत्रावर निघू लागल्या, पिसे मागे पडली; तरी चाकूचे नाव मात्र तेच राहिले.

या लेखणीच्या चाकूशी मुंबईचेही एक नाते आहे, ते फारसे कोणी सांगत नाही. १७९४ च्या सुमारास मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी हिंदुस्थानी पोलादाचे काही नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. बँक्स हे तिथल्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष. हे पोलाद मुशीत वितळवून केलेले, ज्याला इंग्रज ‘वुट्झ’ म्हणत. बँक्स यांच्या सांगण्यावरून स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या कारागिराने त्या पोलादाचा काय केला, तर एक लेखणीचा चाकू! उत्तम इंग्रजी पोलादाच्या चाकूइतकीच त्याची धार उतरली, असे जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली त्या सोसायटीपुढे नमूद केले. विचार करा. पोलादाची परीक्षा घ्यायला तलवार घडवली नाही, लेखणीचा चाकू घडवला. कारण बारीक धार टिकते की नाही, हे लहान पात्यावरच खरे कळते.

आता मिटवण्याची युक्ती. ती काही नवी नाही. रोमन लोकांचे मिटवते चाकू युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. पण त्यांना कमान नव्हती. पाते केवळ खिळ्याच्या घट्टपणावर राही. खिळा सैल झाला की पाते डुगडुगू लागे. पाठीला पोलादी कमान बसवून पाते दाबून धरण्याची सोय सतराव्या शतकात रुळली, आणि ती मोठ्या प्रमाणावर करणारे गाव म्हणजे इंग्लंडातले शेफील्ड. तिथल्या चाकूवाल्यांचा संघ १६२४ साली कायद्याने स्थापन झाला. हा झाला आपला साधा चाकू. त्याचा गुण असा, की त्यात बिघडण्यासारखे काही नाही : एक पाते, एक कमान, एकदोन खिळे. त्याचा दोषही उघड आहे. कमान पात्याला धरते, पण अडवत नाही. धारेच्या बाजूने दाब दिलात, म्हणजे कापलेत, तर पाते आणखी उघडायला पाहते, धोका नाही. पण टोक कशात खुपसलेत आणि हात हिसकला, तर पाते पाठीमागून दबते आणि थेट बोटांवर मिटते.

हा धोका टाळायला खटका आला. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० साली लाकडी मुठीचा एक साधा चाकू काढला. शेतकऱ्यांच्या खिशात तो जाऊन बसला. पुढे १९५५ साली त्याच्या मुठीवर एक फिरते कडे बसवले. कडे फिरवले की पाते अडकून राहते. पण पुढची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. ओपिनेल चाकू निरनिराळ्या क्रमांकांत मिळतात. ६ क्रमांकापासून पुढच्या, म्हणजे साधारण ७ सेंटिमीटर आणि त्याहून लांब पात्यांना ते कडे असते. २ ते ५ क्रमांकांच्या लहान चाकूंना आजही नसते. करणाराच सांगतो, की लहान पात्याला खटक्याची गरज नाही.

दुसरा दाखला स्वित्झर्लंडच्या सैन्याचा. तिथे १८९१ पासून कार्ल एल्सनर याच्या कारखान्याचे चाकू शिपायांना मिळू लागले. ते साधे, कमानीचे. १९६१ चा नमुनाही तसाच. मात्र २००८ साली जो नवा नमुना आला, त्याचे पाते मोठे, एका हाताने उघडणारे, आणि म्हणून अडकणारे. म्हणजे खटका कोणाला दिला? ज्याचा एक हात दुसऱ्या कामात गुंतलेला असतो, आणि ज्याला घाईत जोराचे काम करावे लागते, त्याला. बाकीच्यांच्या खिशात त्याच देशाचे लहान, बिनखटक्याचे चाकू सुखाने नांदतात.

आपल्याकडे खटक्याच्या चाकूचे नाव घेतले, की रामपूर आठवते. उत्तर प्रदेशातल्या या जुन्या संस्थानी गावात चाकू करणाऱ्यांची परंपरा आहे, आणि तिथल्या कारागिरांचे कसब खरोखर वाखाणण्यासारखे. पण हिंदी चित्रपटांनी तो चाकू गुंडाच्या हातात दिला. उघडताना होणारा तो कडकड आवाजच प्रेक्षकांच्या कानांत राहिला. २०२३ साली रामपूरने आपल्या एका चौकात सुमारे ६ मीटर लांबीचा चाकू उभारून कारागिरीचा तो मान परत मागितला आहे. तरीही बाजारात चारचौघांत खट्‌कन पाते उघडले, तर माणसे आजही दचकतात. खटका निघाला तो धरणाऱ्याची बोटे वाचवायला. नाव झाले ते समोरच्याला भिवविण्याचे. हत्यारांच्या इतिहासात असे पुष्कळदा होते.

कायदाही इथे डोकावतो. इंग्लंडात १९८८ च्या कायद्याने ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा मिटवता चाकू कारण न सांगता बाळगता येतो. पण पाते अडकणारे असेल, तर ही सवलत नाही, असे तिथल्या न्यायालयाने १९९३ मध्ये ठरवले. आपल्याकडे असा भेद नाही. आपल्या शस्त्रविषयक नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा विचार शस्त्र म्हणून होतो, आणि घरकामाची व शेतीची हत्यारे त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू त्या मापाच्या जवळपासही जात नाही. मात्र १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचे, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, ३७ वे कलम लक्षात ठेवा. शांतता राखण्यासाठी मनाईहुकूम निघाला, की सार्वजनिक जागी चाकू, सुरा, काठी बाळगायला बंदी येते. तेव्हा साधा आणि खटक्याचा, दोघांनाही घरीच ठेवावे. विमानातल्या हातपिशवीत तर कोणताच चाकू चालत नाही.

कलम या शब्दाचा आपल्या आंबेवाल्यांना ओळखीचा अर्थ राहिलाच. पूर्वी भेटकलम करीत. कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीशी नेऊन भिडवायचे. पुढे कोयकलमाची रीत कोकणभर पसरली. १९७२ मध्ये दापोलीला स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाचा या प्रसारात मोठा वाटा आहे. कोयीतून नुकत्याच आलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, दांड्याला मधोमध चीर द्यायची, आणि हापूसच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती त्या चिरेत बसवायची. काप एका ओढीत, गुळगुळीत व्हायला हवा. खरबरीत राहिला तर सांधा जमत नाही. अशा कामाच्या चाकूचे पाते सरळ असते, आणि पुष्कळदा एकाच बाजूने घासलेले. बोरूला चीर देणारा आणि रोपाला चीर देणारा, दोघांचे काम पाहा : टोचणे नाही, हिसकणे नाही, धारेवर हलका दाब आणि एक ओढ. इथे खटका असला काय, नसला काय, फरक पडत नाही. फरक पडतो तो धारेने.

म्हणून निवडीचे सूत्र मी असे सांगेन. रोजचे काम कापण्याचे असेल, जसे सुतळी, फळ, पेन्सिल, पाकीट, कलमाची काडी, तर साधा चाकू घ्या. पाते ६ सेंटिमीटरच्या आसपास. शिक्षकाला, कारकुनाला, बागेत कलमे बांधणाऱ्याला हा पुरेसा आहे. काम टोचण्याचे, खुपसून ओढण्याचे असेल, जसे गोणपाट, जाड चामडे, ओला दोर, किंवा एका हाताने झाडाला धरून दुसऱ्याने कापणे, तर खटक्याचा घ्या. पण मग त्याच्या खाचेत चिखल, रेती साचू देऊ नका. खटका अर्धवट बसला, तर तो नसल्यापेक्षा वाईट. कारण आपण विश्वासाने जोर लावतो. आणि तोड करायची असेल, तर दोन्ही चाकू खिशात राहू द्या. त्याला आपला कोयता आहे.

पोलादाविषयी एक शब्द. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली न गंजणारे पोलाद काढले. आपल्या चार महिन्यांच्या पावसात आणि खाडीच्या खाऱ्या हवेत ते सोयीचे खरे. साध्या पोलादाला दगडावर धार चटकन येते. मात्र आंबा कापून तसाच मिटवून ठेवलात, तर दुसऱ्या दिवशी पाते काळे पडते. ते पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायची सवय असेल तरच ते घ्यावे.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. मूल मोठे झाले, की त्याच्या हाती प्रथम साधा चाकू द्या, आणि शेजारी बसून धार नेहमी अंगापासून दूर न्यायला शिकवा. साध्या चाकूला खटका नसतो, म्हणून पाते कुठे आहे आणि बोट कुठे आहे याचे भान सतत ठेवावे लागते. ते भान एकदा हाताला लागले, की पुढे कोणताही चाकू हाती आला तरी चिंता नाही.